वायरीचं टोक

बायको वारली, तरी तिने गायलेल्या गाण्यांचा फोल्डर निशीथबाबूंच्या माडीवरच्या कॉम्प्युटरवर दिसत होता. उघडत मात्र नव्हता. धाकट्या भावाच्या मुलीने, झिमलीने राउटर बंद करून चालू केला, पासवर्ड पुन्हा टाकला, शेवटी ती वायरीच्या मागोमाग तळमजल्यावर गेली. तिथे टेबलावर वायरीचं नुसतं टोक होतं. ती परत वर आली. "जेठू," तिने थोरल्या काकांना विचारलं, "खालचा जेठीमांचा कॉम्प्युटर कुठाय?" "श्राद्धात पुरोहितांना दिला. छत्री, चपला पोचतात, तर तिची लाडकी वस्तूही पोचू दे म्हटलं." "अहो, गाणी त्यातच होती. इथून तुम्ही नुसती ऐकायचात." निशीथबाबूंचा चेहरा उतरला. "घाबरू नका. पुरोहितांचं घर गल्लीतच तर आहे, आत्ता जाऊन गाणी उतरवून आणते." ती लगबगीने जिन्याकडे वळली. "राहू दे, पोरी," ते खुर्चीतूनच म्हणाले. "उष्टं दान पोचत नाही ना. देण्याआधी मीच दुकानात नेऊन त्यातलं सगळं पुसून घेतलं होतं."