पलंगाखालची लाइन

"आन हे इथं लाइन कुठून येऊन राह्यली?" केशरबाईंनी विचारलं.

मूर्तिजापूर मागे पडलं होतं. गाडी बडनेऱ्याकडे धावत होती. गाडी कसली, चालतं घरच ते. आत पलंग, ओटा, पंखा, एसी. केशरबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. नाकात नळी होती. पायाशी ऑक्सिजनची मशीन अकोल्याच्या घरी घरघरायची तशीच घरघरत होती, आणि तिची वायर गाडीच्या भिंतीतल्या प्लगात गेली होती.

"कुठून का येईना, माय," शेखर म्हणाला. हा त्यांचा मोठा मुलगा. "चालू हाये ना? तू पड जराशी."

"चालू हाये म्हनूनच तं इचारून राह्यली."

गाडी चालवणारा धर्मेंद्र हसला. बडनेऱ्याचा माणूस. जुनी ट्रॅव्हलर घेऊन त्याने स्वतः तिचं घर केलं होतं आणि तो ती भाड्याने द्यायचा. "तुमच्या पलंगाखाली बॅटरी हाये, मावशी. तिच्यातून येते."

"गाडीचीच?"

"नाई. गाडी सुरू कराची बॅटरी येगळी, घराची येगळी. घराची रिकामी झाली तरी गाडी अडत नाई."

"आन ते भरते कशी?"

"गाडी पळते तवा इंजिन भरते. कुठं मुक्काम केला तं वायर टाकून भरतो. आन टपावर सोलर हाये."

केशरबाई ताठ बसल्या. "सोलर तं आमच्या विहिरीवर बी हाये. पन ऊन गेलं का पंप बंद."

"तिथं बॅटरी नसन. ऊन आलं, वापरलं, संपलं. इथं ते साठवून ठेवतो."

"म्हंजे टाकी हाये."

"हाव, टाकीच समजा."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्याकडेच्या वावरांत कापूस फुटायला लागला होता. मग पुन्हा वळल्या. "माह्यी मशीन हे टाकी कितीक वेळात पिऊन टाकते?"

"एकटी मशीन चालली तं दिवस निघून जाते. पन एसी लावला तं तोच समदं पिते."

"मंग एसी बंद कर."

"माय, गरम होईन तुले," शेखर म्हणाला.

"होऊ दे."

शेखरला वाटलं, आई घाबरली आहे. घाबरणारच. केशरबाईंचा फुलांचा मळा तिवस्याजवळ. सारा जन्म झेंडू आणि शेवंतीत गेला. छाती खराब झाली, मशीन लागली, तेव्हाही त्या तिथेच होत्या, धाकट्या देवमनजवळ. घरातला इन्व्हर्टर दोन पंखे आणि दिवे ओढायचा. मशीन लावली की पीं पीं करून बंद पडायचा. एका पावसाळ्यात दिवसभर वीज गेली, जवळचं ऑक्सिजनचं सिलिंडर संपत आलं. देवमनने त्यांना कसंबसं दवाखान्यात पोचवलं. तिथूनच शेखर त्यांना अकोल्याला घेऊन आला. त्याच्या सोसायटीत जनरेटर होता. तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरची एक खोली आणि तिच्या भिंतीतला एक प्लग, एवढंच केशरबाईंचं जग. परत जायचं म्हटलं की शेखर एकच सांगायचा, "तिथं लाइन राह्यत नाई, माय."

दसऱ्याच्या आधी कौंडण्यपूरला दर्शनाला जायचा हट्ट मात्र त्यांनी सोडला नाही. म्हणून ही गाडी.

मळ्यापासून फार लांब नसलेल्या कौंडण्यपूरला, वर्धा नदीच्या काठी धर्मेंद्रने गाडी थांबवली. शेखरने चाकांची खुर्ची आणि भरलेलं छोटं सिलिंडर बाहेर काढलं. केशरबाई देवळात जाऊन आल्या. पण नारळ फोडून होताच म्हणाल्या, "चाल, गाडीत."

"माय, नदीवर बसू ना जरा."

"गाडीत चाल."

पलंगावर बसून त्यांनी मशीन पुन्हा प्लगात लावायला सांगितली. "इंजिन बंदच राहू दे, बापा," त्या धर्मेंद्रला म्हणाल्या. "बाहेरून वायर बी नको घेऊ."

भिंतीवरच्या छोट्या पडद्यावर बॅटरी किती भरली आहे ते दिसत होतं. केशरबाई त्याच्याकडे टक लावून बसल्या. आभाळाचा तुकडा उन्हावर आला की आकडा हळूच उतरायचा. ऊन पडलं की थांबायचा, मग पुन्हा चढायचा. शेखर दोनदा येऊन डोकावून गेला. शेवटी त्याला राहवलं नाही.

"तू दर्शनाले आली का मीटर पाहाले?"

केशरबाईंची नजर पडद्यावरच. उन्हं कलली, टपावरून गेली. आकडा आता खालीच येत होता, पण अगदी सावकाश. मशीन घरघरत होती. त्या एक एक श्वास पुरता घेत होत्या.

मग त्यांनी धर्मेंद्रला आत बोलावलं. पलंगावर हात ठेवला.

"बापा, हे खालचं समदं चाकं नसलेल्या घरात बसवता येते का?"

"येते ना. घर असन तं अजूनच चांगलं. छप्पर मोठं, सोलरच्या पाट्या जास्ती बसतीन. आभाळाच्या दिवसासाठी बॅटरी बी मोठी घेता येईन."

केशरबाईंनी शेखरकडे पाहिलं. "तू म्हने, लाइन राह्यत नाई. खरंच लाइनचंच कारन होतं ना रे? का दुसरं काई हाये?"

शेखर दारात उभा होता. आईचं सामान अकोल्याच्या खोलीतून निघालेलं त्याच्या डोळ्यांसमोर आलं. नदीकडे पाठ करून त्याने खिशातून फोन काढला, देवमनला लावला.

"देवमन, आमी येऊन राह्यलो मळ्यात," तो म्हणाला. "मले एक सांग. आपल्या घरावर ऊन कोन्त्या अंगाले जास्ती वेळ राह्यते?"