विरजणाची वाटी

“वाटी रिकामी परत करायची नाही हं, लतिका.”

दिवेलागणी जवळ आली की लतिकाला सुवर्णाचा हा आवाज आठवायचा. लग्न होऊन ती पंचवटीतल्या या गल्लीत आली, तेव्हा पहिलं विरजण तिने समोरच्या सुवर्णाकडूनच आणलं होतं. तेव्हापासून ती स्टीलची छोटी वाटी दोन्ही घरांत ये-जा करत होती. कधी तिच्यात विरजण असायचं, कधी साखर, कधी वणीच्या देवीचा अंगारा.

दोन्ही घरांतली मुलं मात्र दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. लतिकाच्या मयुरेशचा बँड वेगळा, सुवर्णाच्या उपेंद्रचा वेगळा. कॉलेजच्या गॅदरिंगला दोघांच्या गाण्यांत एक ओळ अगदी सारखी निघाली आणि दोघांनी भर स्टेजवर एकमेकांना चोर म्हटलं.

त्या संध्याकाळी दोघी आया गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, दिवा सोडायला गेल्या होत्या.  दिवा सोडता सोडता दोघींनी एकदमच एकमेकींकडे पाहिलं.

“मुलांचं काही होवो, वाटी थांबवायची नाही,” सुवर्णा म्हणाली.

लतिकाने पाण्याला हात लावून हो म्हटलं.

आज मार्गशीर्षातला गुरुवार होता. लतिकाचा उपवास. देवघरासमोर बसून ती वाती वळत होती आणि देवीचं स्तोत्र हळू आवाजात म्हणत होती. गंगेवरचं धुकं गल्लीत शिरलं होतं. समोरच्या घराची खिडकी त्यात तरंगल्यासारखी दिसत होती.

बाहेरच्या खोलीत मयुरेश आणि त्याचा ड्रमर ज्ञानेश वाद घालत होते.

“बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स, दोन्ही बँड एकाच काळातले ना?” ज्ञानेश म्हणाला. “मग एकमेकांचं ऐकलं नसेल होय? ऐकलं की थोडं अंगाला लागणारच.”

“ऐकणं वेगळं, घेणं वेगळं. मोठी माणसं कुणाचं घेत नाहीत.”

“तुला कोण सांगून गेलं? फोन आला होता?”

“मी माझं सांगतो. दोन वर्षांत उपेंद्रचा एक सूर कानावर पडू दिला नाही. त्याची कॅसेट लागली की मी रिक्षातून उतरतो.”

“म्हणून तर चालत फिरतोस,” आतून इरा म्हणाली. “आणि गाणं तरी कुठं पुरं होतंय, दादा?”

मयुरेशने गिटारची एक खुंटी पिळली. धाकट्या बहिणीचं म्हणणं खरंच होतं. महिनाभर तो एकाच गाण्यात अडकला होता. मुखडा होता, पुढे वाट सापडत नव्हती. एक तारखेला त्याला सिन्नरच्या कारखान्यात रुजू व्हायचं होतं. दत्तजयंतीपर्यंत गाणं झालं नाही तर गिटार विकून टाकणार, असं त्याने घरात सांगून टाकलं होतं.  ते ऐकून लतिकाने रात्रीचं जेवण सोडलं होतं.

“आई,” इराने विचारलं, “गेल्या आठवड्यापासून तुझ्या स्तोत्राची चाल बदललीय का गं?”

“स्तोत्राला ठरलेली चाल कुठं असते? मनात येईल तसं म्हणायचं. देवी ऐकते.”

ती पुन्हा म्हणू लागली. सूर हळूहळू चढत गेला आणि अर्ध्यावर थांबून राहिला, समईची ज्योत वाऱ्यात क्षणभर थांबते तसा.

मयुरेश दारात येऊन उभा राहिला होता.

“आई, परत म्हण.”

तिने परत म्हटलं. तो तिथेच उंबऱ्यावर बसला आणि गिटारवर ते सूर शोधू लागला. आईचा सूर जिथे थांबत होता, तिथून त्याने तो खाली वळवला आणि अलगद आपल्या मुखड्यावर आणून सोडला. ज्ञानेश जवळच्या पाटावर बोटांनी ठेका धरू लागला. गाणं पुरं झालं. धुक्यात कुठेतरी देवळाची घंटा वाजली.

“कुठून काढलंस रे हे?” ज्ञानेश म्हणाला.

“आईच्या स्तोत्रातून. हे देवीचं आहे.” मयुरेश कितीतरी दिवसांनी हसत होता. “याला तरी तो समोरचा चोरीचं म्हणू शकणार नाही.”

“पुन्हा एकदा वाजव,” लतिका म्हणाली. “ते शेवटचं वळण.”

त्याने वाजवलं. तिने डोळे मिटून ऐकलं. मग ती उठली, फडताळातली वाटी घेतली आणि पदराखाली झाकली.

“कुठं निघालीस?” मयुरेशने विचारलं.

“सुवर्णाकडे. विरजण द्यायचंय, एकदा दिवा लागला की देत नाहीत.”

“सुवर्णामावशीकडे रोज दही लागतं,” इरा म्हणाली, “मग विरजण कसं संपतं गं त्यांचं?” तिने पदर सरकवून पाहिलं. “अगं आई, यात काहीच नाही! रिकामीच घेऊन चाललीस!”

“रिकामी नाही गं,” लतिका म्हणाली.

तिने चपला घातल्या. गल्लीत उतरता उतरता ती स्तोत्र म्हणू लागली, मयुरेशच्या नव्या वळणासकट, उद्या सकाळी सुवर्णाने ते उपेंद्रच्या खोलीच्या दाराशी पूजा करताना म्हणावं म्हणून. गेल्या गुरुवारी उपेंद्रची नवी चाल सुवर्णाने तिला अशीच दिली होती.