किन्व्याचा पहिला घास

अण्णाने बोटीवरच्या नोकरीतून किन्वा नावाचं परदेशी धान्य आणलं होतं. आजोबांच्या श्राद्धादिवशी आई चुलीपाशी गुंतलेली, म्हणून मी किन्वा स्टोव्हवर झक्क शिजवला, शाळेत पाककलेच्या तासाला भात शिकवला तसा, दुप्पट पाणी घालून. झाकण काढलं तर प्रत्येक दाण्याला इवलीशी पांढरी शेपटी फुटलेली.

"अळ्या शिजवल्यास काय गं?" मल्हारकाका म्हणाले. "मला स्वल्पही नको."

कुणीच चव घेईना, म्हणून मी रुसून पातेलं गच्चीच्या कठड्यावर नेऊन ठेवलं. शेजारीच कावळ्यासाठी आजोबांच्या नावाचं पान मांडलेलं. कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही, आणि कावळा तर वडे-खिरीकडे बघेचना. भुकेलेल्या काकांनी हात जोडले, "आप्पा, तुमचं चिकपेटेतलं घर विकत नाही. विडीही सोडतो."

कावळा उडाला, थेट माझ्या पातेल्यावर बसला आणि पोटभर जेवला.



आईने उरलेला किन्वा आधी काकांच्याच पानात वाढला. "निमूट संपवा भाऊजी, मामंजींचं उष्टं आहे."