एडविनसाठी

"देणाऱ्याचं नाव कळल्याशिवाय यातला एक पौंडही खर्च करता येणार नाही," नॉर्मन म्हणाला.

मॉविस बर्केटने हातातली पत्रकं टेबलावर आपटली. "निवडणूक तोंडावर आलीय आणि तू मला कायदा शिकवतोयस?"

"मी कोण शिकवणारा, बाई! आपण पक्ष नाही, उमेदवार नाही. पण 'बाळंतपणाचा वॉर्ड बंद करणाऱ्याला मत देऊ नका' म्हणत दहा हजारांच्या वर खर्च करायचा, तर आधी निवडणूक आयोगाकडे नोंदणी करायची. एवढी मोठी देणगी कुणी दिली, ते सांगायचं. ते नाव सगळ्या देशाला दिसणार. नाही सांगितलं तर पैसे परत. आणि जबाबदार व्यक्ती तू आहेस, मी नाही. तुरुंगातला चहा फार पांचट असतो म्हणतात."

नॉर्मन निवृत्त पोस्टमन. संघटनेचा हिशेब तोच बघायचा. तो बोलत होता ते खरं होतं, म्हणूनच मॉविसला जास्त राग येत होता. देणगी एका वकिलामार्फत आली होती, "एका हितचिंतकाकडून" एवढंच सांगून. त्या पैशांत परगण्यातल्या प्रत्येक बसवर एडविनचं नाव झळकलं असतं.

रेव्हनस्केलच्या इस्पितळातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद झाला, त्याच हिवाळ्यात तिच्या मुलीला, लिनेटला, कळा सुरू झाल्या. दुसरं इस्पितळ डोंगरापलीकडे. बाळ घाटातच, रुग्णवाहिकेत जन्मलं आणि इस्पितळ येण्याआधी गेलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या व्हरांड्यात एका वार्ताहराने मॉविसला गाठलं. "आमचा एडविन गेला," ती म्हणाली. पेपरात तोच मथळा छापून आला. महिन्याभरात संघटना उभी राहिली. "एडविनसाठी" हे तिचं नाव. खिडक्यांत, विजेच्या खांबांवर, केकच्या डब्यांवर सगळीकडे एडविन. अनोळखी बायका रस्त्यात मॉविसला मिठी मारून रडायच्या.

लिनेट मात्र एकाही सभेला आली नाही. अंत्यविधी तिने आणि नवऱ्याने न्यूकॅसलला, दोघांतच उरकला आणि तिथेच घर केलं. फोनवर ती हवापाण्याचं बोलायची. मॉविसने मनाची समजूत घातली होती : पोरीला विसरायचं असेल तर विसरू दे. मी त्याला विसरू देणार नाही.

पण आता या निनावी देणगीवरून बाजारात कुजबुज सुरू झाली होती. मासळीवाला ट्रेव्हर तर तोंडावरच म्हणाला, "काय मॉविस, खासगी दवाखानेवाले पोसतायत म्हणे तुम्हाला?"

"तुझी मासळी पोटात गेली की दवाखान्यांना आपसूक गिऱ्हाईक मिळतं, ट्रेव्हर. त्यांना माझी काय गरज?" ती म्हणाली. लोक हसले. घरी येताना मात्र ती त्याच विचारात होती. खरंच तसं कुणी असलं तर? तिने वकिलाला फोन करून ठणकावलं, "नाव सांगा, नाहीतर पैसे परत घेऊन जा." त्याने विचारून कळवतो म्हटलं. मग निरोप आला : हितचिंतक शनिवारी स्वतः येऊन भेटतील.

शनिवारी मॉविसने ठेवणीतला निळा कोट घातला. चर्चच्या सभागृहात चहासोबतचे गोड पाव, स्कोन, मांडले, चहाचं भांडं तापत ठेवलं. कुणी म्हातारा जमीनदार येईल, किंवा एखादी श्रीमंत विधवा, असं तिच्या डोळ्यांपुढे होतं.

दार उघडून लिनेट आत आली.

"अगं, तू? आज?" मॉविस गोंधळली. "आता कुणीतरी यायचंय आमच्याकडे..."

"मीच यायची होते," लिनेट म्हणाली. कोट न काढताच ती खुर्चीच्या कडेवर टेकली. "पैसे माझे आहेत. इस्पितळाने भरपाई दिली होती ना, त्यातले. दुसऱ्या कुणाचं बाळ त्या घाटात जाऊ नये, एवढंच वाटलं. नाव सांगायचं नव्हतं. पण वकील म्हणाला, नियमच तसा आहे. मग म्हटलं, तुला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं."

ज्या मुलीवर ती मनातल्या मनात रुसली होती, तीच तिच्या पाठीशी उभी होती. तिने लिनेटचे दोन्ही हात धरले. हात गार पडले होते.

नॉर्मनने दोनदा घसा खाकरला. "माफ कर पोरी, पण विचारावंच लागतं. पूर्ण नाव, पत्ता. आणि मतदार यादीत आहेस ना?"

"आहे." तिने नाव, पत्ता सांगितला. त्याने ते जपून लिहून घेतलं.

मॉविसच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "बघ नॉर्मन, म्हणत होते ना मी? आमच्या एडविनचे पैसे एडविनच्याच कामी आले. आता एडविनचं नाव आख्ख्या देशाच्या दप्तरात कायमचं राहणार. माझ्या वडिलांचं नाव, माझ्या नातवाचं नाव!"

लिनेटने हळूच आपले हात सोडवून घेतले. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मॉविसला सोपं गेलं असतं.

"त्याचं नाव आयव्हर आहे, आई," ती म्हणाली. "तू कधी विचारलंच नाहीस."