काकीचा कडू काढा

कोमल, नुसतं ऐक गं, मधी बोलू नको. आमच्या फुलाकाकीचा संधिवात फुफ्फुसात उतरला, चार पावलांत धाप लागायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पर ती म्हणती, "असलं इख मी गिळायची न्हाई, माझा गुळवेलीचा काढाच बास!" मग मीच गोळ्या कुटून गुपचूप काढ्यात टाकायला लागले, कडू काढ्यात कळतंय कुणाला!

सहा महिन्यांत काकी न थांबता देवळाच्या पायऱ्या चढली. तिच्या आंबवड्याच्या धाकट्या भनीलाबी हाच आजार, तर काकीनं तिला फोन करून सांगितलं, "गोळ्या फेक, काढा घे, माझ्याकडं बघ की!" तिनं खरंच फेकल्या, आन् मला कळलं ते परवा, ती वारल्यावर.

काकी रडत म्हणती, "काढा सुरू करायला लई उशीर केला गं तिनं."

 

आता खरं सांगितलं, तर काकी काढ्याला तोंडबी लावायची न्हाई. तू सांगितलं असतंस का गं?