बिनगाठीची फळी

"ही हवा धरून ठेवणार फळीला? अरे, हवेला स्वतःला कुठे एका जागी बसता येतं!" दादा म्हणाले आणि वकीलबाईंकडे बघून हसले.

बाईंना दादांनीच कारखान्यात बोलावून घेतलं होतं. बाईंच्या नव्या घराच्या दाराच्या चार फळ्यांपैकी तीन दादांनी हाताने कोरल्या होत्या. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, वेलीचं पान न् पान जिवंत. चौथीच्या वेळी दादांचा हात थरथरायला लागला आणि धाकट्या भावाने ती आपल्या कोरकामाच्या यंत्रावर घ्यायचं ठरवलं. दादांना ते बघवेना. बाईंच्या देखत यंत्राची फजिती झाली की त्याच म्हणतील, महिनाभर थांबते, पण काम दादांच्याच हातचं हवं. मग कारखान्यातल्या दादांच्या जागेला कुणाचा बाप धक्का लावू शकणार नव्हता.

यंत्राच्या टेबलाला आडव्याउभ्या खाचा होत्या. त्यांत धाकटा रबराची दोरी बोटाने दाबून बसवत होता, फळीच्या मापाचं कुंपण घातल्यासारखी. वर फळी ठेवायची, पंपाने खालची हवा ओढून घ्यायची, की फळी टेबलाला चिकटली. खिळा नाही, पाचर नाही, शिकंजा नाही.

"मी चाळीस वर्षं गुडघ्याखाली लाकूड धरलं," दादा बाईंना म्हणाले. "याने काय धरलं? यंत्राबरोबर आलेलं पुस्तक. हवेत इमले बांधणारे पुष्कळ पाहिले, हवेवर दार बांधणारा हा पहिलाच!"

बाईंना हसू आवरलं नाही. धाकट्याचे कान लाल झाले. दादांना बरं वाटलं. सुताराच्या घरात जन्माला येऊन ज्याला लाकूड कळलं नाही तो माणूस कसला, ते नुसतं खाणारं तोंड, असं त्यांचं या भावाबद्दल पहिल्यापासूनचं मत होतं. ते त्यांनी कधी लपवलंही नव्हतं.

पंप घरघरला. त्याच्यावरचा दाबाचा काटा चढू लागला, निम्म्यावर आला आणि तिथेच घुटमळला. धाकट्याने फळीला तळहाताने धक्का दिला. ती सरकली. एवढ्याशा पकडीवर यंत्राची कोरणी फिरली असती तर फळी उडून तिचे दोन तुकडे झाले असते, आणि त्या खोडातली दुसरी फळी शिल्लक नव्हती.

"आता म्हण, टेबल वाकडं आहे," दादा म्हणाले. "नाचता येईना, अंगण वाकडं!"

धाकट्याने रबर पुन्हा चाचपलं. कान लावून ऐकलं. "रबर ठीक आहे. हवा दुसरीकडून कुठून तरी शिरतेय."

"लाकडातून शिरत असेल!" दादा मांडीवर थाप मारून हसले. "बाई, ऐकलंत? मी स्वतः निवडलेलं, स्वतः चिरलेलं लाकूड हे. एक गाठ नाही. गाठीचं लाकूड मी दारात उभं करत नाही."

"म्हणून तर तुमच्याकडे आले," बाई म्हणाल्या.

धाकट्याने मूठभर बारीक भुसा घेतला आणि फळीवर भुरभुरला. भुसा जिथल्या तिथे पडून राहिला. फक्त मधोमध एका जागी तो हळूहळू सरकू लागला, आत ओढला जाऊ लागला. बघता बघता फळीवर नाण्याएवढी गोल रेघ उमटली.

दादांचं हसू थांबलं.

भुसा, सरस आणि चिमूटभर रंग. दुपारी सगळे जेवायला गेले की दादा हा लगदा गाठीच्या भोकात ठासून भरत आणि वाळला की वरून रंधा मारत. आजवर एकालाही पत्ता लागला नव्हता. डोळ्यांना फसवण्यात दादांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण हवा डोळ्यांनी बघत नाही, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

धाकट्याने त्या रेघेकडे पाहिलं. मग दादांकडे. मग भिंतीला टेकलेल्या तिन्ही फळ्यांकडे, एकेक करून.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

दादांनी ओळखलं, आता हा बोलणार. आपण याच्या जागी असतो तर केव्हाच बोललो असतो.

"काही नाही बाई, माझंच चुकलं," धाकटा म्हणाला. "फळीच्या पाठीला टेप लावायची राहिली." त्याने पंप बंद केला, फुंकरीने भुसा उडवला आणि फळी उलटी केली. मग टेपचं रीळ दादांपुढे धरलं.

"दादा, तूच लाव. जागा तुला माहीत आहेत."

आवाजात राग नव्हता, कीव होती. राग असता तर दादांनी दोन शिव्या हासडल्या असत्या. पण हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. चाळीस वर्षं ते धाकट्याशी याच आवाजात बोलत आले होते.

दादांनी टेप घेतली. एक तुकडा भुशाने दाखवलेल्या गाठीमागे लावला. मग धाकटा बघतोय हे ठाऊक असूनही आणखी दोन लावले, जिथे कुणालाच काही दिसलं नव्हतं.

फळी सुलटी झाली. पंप सुरू झाला. काटा कुठेही न अडखळता वर गेला.

"बघा!" बाई कौतुकाने म्हणाल्या. "शेवटी दादांचा हात लागला तेव्हाच जमलं. यंत्रं कितीही आणा, लाकूड कळायला जुनंच माणूस लागतं."

दादांनी दोन्ही हातांनी फळीची कड धरली आणि जीव खाऊन ओढली. ती तसूभरही हलली नाही.