शेवटची

बुधवारच्या डोंगरशर्यतीत वरच्या दगडी कुंपणाशी मॉरीन तिसऱ्यांदा खाली बसली आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागली. मागून येणारा म्हाताराही थांबला.

"पायाला काही झालं?"

"नाही, विल्फ. नाडी सुटली. तुम्ही व्हा पुढे."

"बसलेल्या माणसाला डोंगरात सोडून?" विल्फने कुंपणाला पाठ टेकली. "साठ वर्षांत कधी गेलो नाही, आज कशाला जाऊ?"

हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो मोडणाऱ्याशी पुढचे सगळे बुधवार कुणी बोललं नसतं. मॉरीनने नाडी उगाच दोनदा ओढली. वर माथ्यावर कीथचं लाल निशाण दिसत होतं. येणाऱ्याचा नंबर वहीत टिपायचा आणि शेवटच्या धावणाऱ्याला सोबत घेऊनच खाली उतरायचं, हे त्याचं काम. मे महिन्यापासून दर बुधवारी मॉरीन शेवटची येत होती.

पहिल्या वेळी खरोखर पोटात कळ आली होती म्हणून. नंतर नाही.

माथ्यावर कीथ थर्मासच्या झाकणात उरलासुरला चहा ओतून द्यायचा. मग तासभर उतार. बोलणं फारसं नसायचं. हवा, मेंढ्या, कुणाचा गुडघा. दलदल आली की तो पुढे होऊन घट्ट जागा दाखवायचा. आजचा बुधवार हंगामातला शेवटचा होता. नंतर दिवस लहान होतात, मेपर्यंत शर्यती नाहीत. आज काहीतरी बोलायचं, असं तिने ठरवलं होतं. काय, ते उतरताना सुचेल.

आणि नेमकं आज हे विल्फ.

"तुम्ही दमला असाल," ती म्हणाली. "वर जाऊन बसा. मी येतेच."

"दमलो नाही पोरी. रेंगाळतोय." सत्तावन्न वर्षांच्या मॉरीनला हल्ली 'पोरी' म्हणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. "परवा मुलीकडे चाललो. कायमचा. तिच्याकडे सगळं सपाट. डोंगर म्हणायला एक रेल्वेचा पूल. म्हणून म्हटलं, आज सगळ्यांच्या मागून उतरायचं. मागे कुणी नको, घाई नको."

मॉरीनने नाडीची गाठ मारली. या खेपेला पक्की.

विल्फ तिच्याकडे बघत होता. "तुझं काय? कानात डूल घालून डोंगर चढणारी मी पहिलीच बघतोय."

"काढायचे राहिले."

"दर बुधवारी?"

ती उठली, गुडघ्यावरची माती झटकली. "मी होते पुढे," ती म्हणाली. "तुम्ही या सावकाश."

माथ्यावर कीथ पाठमोरा होता. तिची चाहूल लागताच वळला, तर वही काखेत आणि वाफाळतं झाकण हातात, ओतून तयार.

"एकशे चौदा," तो म्हणाला. मग तिच्या मागे कुंपणाच्या दिशेनं त्यानं पाहिलं. "आज मागे कुणी आहे?"

"विल्फ आहेत."

"अच्छा." त्याने झाकणाकडे पाहिलं. "मग हा..."

"त्यांना द्या. त्यांना वेळ लागेल उतरायला. लागू द्या."

"हो, हो." त्याने वहीत नंबर लिहिला. चार आकडे लिहावेत इतका वेळ त्याला त्या तीन आकड्यांना लागला. "मग पुढच्या बुधवारी..."

"पुढच्या बुधवारी शर्यत नाही, कीथ."

"हो. नाहीच."

आणखी उभं राहायला कारण नव्हतं. ती निघाली.

उतारावर तिचे पाय मोकळे सुटले. गेल्या हंगामापर्यंत ती या भागातल्या बायकांत उतरायला सगळ्यांत तरबेज होती, हे ती स्वतःच विसरत आली होती. दलदलीतली घट्ट जागा तिला डोळे मिटूनही सापडली असती. पबमागच्या कुरणात पोचेपर्यंत तिने अकरा जणांना मागे टाकलं.

नोंदीच्या टेबलाशी बसलेल्या ग्लेनिसने घड्याळ पाहिलं, मग तिला. "तू? एवढ्यात? वर काही झालंय का?"

"काही नाही."

"मग हे पाय उन्हाळाभर कुणाकडे ठेवायला दिले होतेस?"

मॉरीनने केकचा तुकडा घेतला आणि खाल्ला नाही. लोक मोजे बदलून, सूप पिऊन एकेक करत गाड्यांकडे गेले. ग्लेनिसच्या यादीत एकाच नंबरापुढे खूण करायची राहिली होती, आणि ती झाल्याशिवाय टेबल आवरता येत नव्हतं. मावळतीचं ऊन डोंगराच्या अर्ध्यावर चढलं होतं.

"आले बाई एकदाचे," ग्लेनिस म्हणाली.

खालच्या उतारावर दोघं दिसत होते. मागे कीथ, निशाण गुंडाळून खांद्यावर. पुढे विल्फ, दोन्ही हात छातीशी जुळवून, पायाखालचं प्रत्येक ढेकूळ बघत. कुरणाच्या कुंपणाशी दोघं थांबले. विल्फने हातातलं काहीतरी कीथच्या हातात दिलं, दगडी पायऱ्यांवरून अलीकडे उतरला, आणि दोन्ही हात पुढे करून ते परत घेतलं.

"हाताला लागलं वाटतं बिचाऱ्याच्या," ग्लेनिस म्हणाली. "बघ ना, कसे धरलेत. पट्टी काढू का?"

मॉरीनने केक खाली ठेवला.

"लागलं नाही," ती म्हणाली. "चहा आहे तो. माझा."